पहिल्याच विचारण्याला होय

माझ्या नणंदेला, सिम्हाबाई आष्टमकरांना, अश्केलोनमधली आमची, म्हणजे मुंबईकडून आलेल्या मराठी ज्यूंची, निम्मी माणसं घाबरून असत. उरलेली निम्मी आधी त्यांचा सल्ला घेत आणि मग घाबरत. मुंबईला वन्सं शाळेत शिकवायच्या. इस्रायलला आल्यावर काही वर्षं चूल आणि पोरं सांभाळली, मग इथली भाषा शिकून पुन्हा वर्गात उभ्या राहिल्या. तेव्हापासून शिकलेलं काम सोडून घरी बसलेली बाई दिसली, की तिला कामावर धाडल्याशिवाय त्यांना चैन पडेना. मला कुठलंच शिकलेलं काम नव्हतं म्हणून मी वाचले.

१९६३ साली रूत पेणकर त्यांच्या तावडीत सापडली. रूत मुंबईला नर्स होती, बाळंतिणींचा अख्खा वॉर्ड सांभाळलेली. इथे आल्यावर तीन मुलं झाली, पुढे ती कापडाच्या कारखान्यात पॅकिंगला लागली, आणि थर्मामीटर हातात यायचा तो घरच्या तापापुरता. वन्संनी तिला उजळणीच्या कोर्सला बसवलं. तिची मुलं अर्थातच माझ्या गळ्यात आली. कोर्स झाला, हॉस्पिटलातली उमेदवारीही झाली. आता एकच कायमची जागा होती. ती मिळाली तर रूत पुन्हा नर्स, नाहीतर पुन्हा पॅकिंग.

एका दुपारी ती हसतच आली. मोठ्या नर्सने, त्सिलाने, जागा घेतेस का म्हणून विचारलं होतं. तू काय म्हणालीस, वन्संनी विचारलं.

"नको म्हटलं. माझ्याहून चांगल्या पुष्कळ आहेत म्हटलं."

आता त्सिला पुन्हा कधी विचारते याची ती वाट बघत होती. मला यात काहीच वावगं दिसलं नाही. आमच्यात पहिल्या विचारण्याला कोण हो म्हणतं? साधा चहासुद्धा दोनदा नको म्हटल्याशिवाय आम्ही घेत नाही. वन्संनी मात्र कपाळाला हात लावला.

"लक्ष्मी टिळा लावायला आली नि तू तोंड धुवायला गेलीस. अगं, इथे आग्रह करत नाहीत. नको म्हणजे नको. आता स्वतः जाऊन माग."

रूतचा चेहरा उतरला. आपणच तोंड वर करून कसं मागायचं? सिम्हाबाई, तुम्हीच एक शब्द टाका, म्हणून ती विनवायला लागली. वन्संनी साफ नकार दिला. नको तू म्हणालीस, हो पण तूच म्हण, एवढंच बोलून त्या भाजी चिरत बसल्या. रूत रडत घरी गेली. मला वन्संचा इतका राग आला, की त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललेच नाही.

सकाळी रूतला सोबत म्हणून मी हॉस्पिटलात गेले. त्सिला संत्रं सोलत बसली होती. रूत तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. एकेक शब्द तिने स्पष्ट उच्चारला.

"मी नको म्हटलं ते खरं नव्हतं. मला काम येतं. चांगलं येतं. मला जागा हवीय."

आमच्यातल्या बाईने स्वतःची अशी तारीफ केलेली मी जन्मात ऐकली नव्हती. लाजेने मी खाली बघितलं. आणि खरं सांगते, मला तिचा अभिमानही वाटला.

मग नको कशाला म्हणालीस, त्सिलाने विचारलं. रूतने आमची रीत समजावून सांगितली. त्सिलाने ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाली, की ती जागा काल संध्याकाळीच दुसरीला दिली. रूतने पदराचं टोक मुठीत धरलं, पण ती जागची हलली नाही.

त्सिलाने संत्र्याची एक फोड तोंडात टाकली. "रात्रपाळीची एक जागा आहे. कायमची. घेतेस?"

"घेते."

कोणत्या वॉर्डात, हे विचारायचं तिला दारापर्यंत आल्यावर सुचलं.