एका पायावर दहा सेकंद

आमच्या दवाखान्यात चक्कर येणारी माणसं येतात, आणि चक्कर येते ती मला! मी फिजिओथेरपिस्ट, नाशिकला एका कानाच्या डॉक्टरांकडे काम करते. शरीराचा तोल कानाच्या आतून सांभाळला जातो. तो बिघडला की पुन्हा वळणावर आणायला आमच्या सरांनी व्हीआर मशीन घेतलं. डोळ्यांवर जाडजूड डबा चढवायचा, त्यात पूल, बाग, दुकान दिसतं, आणि पेशंटने खोलीतच चालायचं. पडू नये म्हणून कमरेला पट्टा, तो छताला बांधलेला. हे मशीन आल्यापासून रोज एक नवीन धक्का! घरी जाऊन सांगावं तर नवरा म्हणतो, "तू तिखटमीठ लावतेस."

तर आधी मंदाताई. मखमलाबादच्या, घरची झेंडूची शेती. तीस वर्षं फुलबाजारात बसायची त्यांची जागा ठरलेली. कानाचं दुखणं झालं आणि फुलांच्या पिकअपमधून उतरताना त्या दोनदा पडल्या. मुलगा, योगेश, हटून बसला. "मॅडमनी पास केलं तरच बाजार. नाहीतर आई, तू घरी." पिकअपमध्ये चढताना सगळा भार एका पायावर येतो, म्हणून मी अट घातली होती: एका पायावर दहा सेकंद. मंदाताईंची गाडी तीनच्या पुढे जाईना.

"मॅडम, बाजार सुटला तर मी दिवसभर घरात भिंतींशी बोलू का?" असं विचारायच्या, आणि पुन्हा एक पाय उचलायच्या.

*

मशीनचा पहिला दिवस. सर म्हणाले, "आधी मी करून दाखवतो, म्हणजे पेशंट घाबरणार नाहीत." बाकावर मंदाताई धरून सहा पेशंट. सरांनी डबा चढवला, पट्टा मात्र बांधला नाही, आणि झुलता पूल सुरू झाला. दुसऱ्याच पावलाला सर "आई गं!" करून चक्क जमिनीवर पालथे! दोन्ही हातांनी फरशी गच्च धरलेली!

सर उठले, शर्ट झटकला आणि शांतपणे म्हणाले, "बघितलंत? असं करायचं नाही."

*

नाशिक रोडचे देशमुख काका. नोटांच्या छापखान्यातून रिटायर झालेले, इस्त्रीच्या घडीसारखा माणूस. त्यांना मी दुकान लावून दिलं. वरच्या फळीकडे बघायचं, खालच्या फळीकडे बघायचं, मान फिरवत शेवटच्या दारापर्यंत यायचं. काका छान चालले. दाराशी आले, थांबले, आणि एकदम दोन्ही हात बाजूला पसरले!

मला वाटलं, गेला तोल! धावत जाऊन त्यांना धरलं. "काका, काय होतंय?"

"काही नाही. झडती घ्या ना, बाहेर पडायचंय!"

मी त्यांचे खिसे चाचपले, "जा" म्हणाले, तेव्हा कुठे काका दुकानाबाहेर आले.

*

सातपूरच्या कारखान्यातला शिंदे. त्याला होडीत उभं केलं. पाणी हलतं, होडी डोलते, आपण मात्र स्थिर राहायचं. पाच मिनिटं झाली, पठ्ठ्या तसूभर हलला नाही! मी सरांना हाक मारली, "सर, लवकर या, असा पेशंट बघितला नसेल!" सर आले. दोघं आ वासून बघतोय, तोच डब्याखालून घोरण्याचा आवाज! थर्ड शिफ्ट करून थेट आला होता आणि पट्ट्याला लोंबकळून झोपला होता!

मंदाताई बाकावरून म्हणाल्या, "त्याला झोपेत जमतंय, मला जागेपणी तीनच्या पुढं जमत नाय!" हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मला फार वाईट वाटलं.

*

नामपूरकडचे एक कांद्याचे शेतकरी. पूल दिसल्यावर म्हणाले, चप्पल घसरते, आणि काढून बाजूला ठेवली. अनवाणी पूल पार केला. वा! मी डबा काढला, तरी बाबा पुढे यायला तयार नाहीत.

"मनी चप्पल पूलना पलीकडे शे!"

चप्पल त्यांच्या मागे चार फुटांवर होती. पण ती आणायला परत डबा चढवायला लावला त्यांनी मला, आणि पुलावरूनच गेले!

*

आता मंदाताईंचा किस्सा. त्यांना मी बाग लावली होती. मधल्या झाडाभोवती आधी उजवीकडून फिरायचं, मग डावीकडून. उजवीकडून झकास. "आता उलट्या बाजूने," म्हटलं, तर जागेवर थांबल्या.

"नाय! उलटी प्रदक्षिणा मी घालायची नाय."

"अहो, झाड खोटं आहे ते!"

"झाड खोटं आसंल, मी तर खरी हाय ना?"

दोन आठवडे हेच! दोन्ही बाजूंना वळल्याशिवाय तोल येणार कसा? विनवून विनवून मी थकले. योगेश म्हणाला, "राहू द्या मॅडम, नाही जमायचं तिला." शेवटी मी देखावाच बदलला. झाडाऐवजी मधोमध दगडी कारंजं, त्याचं पाणी एका पन्हळीतून बाहेर जाणारं. ताईंना दिसतं ते आम्हाला टीव्हीवर दिसत होतं. त्या बघत राहिल्या आणि हात जोडले.

"ही तर महादेवाची पिंड! आधी दाखवायची ना!"

आणि निघाल्या की! पन्हळीपर्यंत गेल्या, वळल्या, उलट्या बाजूने पलीकडच्या काठापर्यंत आल्या, पुन्हा वळल्या. उजवीकडून, डावीकडून! महादेवाला अर्धीच प्रदक्षिणा, पन्हळ ओलांडायची नाही, तिथून मागे फिरायचं. मी थक्क! योगेश दारातून आत आला.

मला हाव सुटली. म्हटलं, "मस्त! आता वळू नका, तशाच पुढे चला!"

त्यांनी पाय उचलला. बरोबर खाली पन्हळ! पाय हवेतच राहिला.

"मॅडम, पाय कुठं ठिवू?"

"मागे घ्या" म्हणायला मी तोंड उघडलं, तर छताचा पट्टा सैल लोंबत होता, ताईंचा भार त्यावर नव्हताच. ताई हलतसुद्धा नव्हत्या. मी तोंड मिटलं. शेजारी योगेश बोटांवर सेकंद मोजायला लागला होता.

"आरं बोला ना कोणी! महादेवाला ओलांडू का मी?"

"नको!" योगेश एवढ्या जोरात ओरडला की सर आतून पळत आले. "आई, अजिबात नको! तशीच थांब!"

दोन्ही हातांची बोटं संपली होती, आणि तो पुन्हा करंगळीपासून मोजत होता.