शिक्षा लिहून पाठवा

"बाई, रिपोर्ट आहे."

ऑफिसच्या खिडकीबाहेर टाचा आपटल्याचा आवाज आणि त्यामागोमाग हे वाक्य. पहिल्या दिवशी मी इतकी दचकले की हातातला कॉलेजचा शिक्का माझ्याच मनगटावर उमटला. पुढची तीन वर्षं तो आवाज जवळजवळ रोज आला आणि शिक्का कागदावरच बसत गेला. सवय होते.

मी आमच्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात हेडक्लार्क. खिडकीबाहेरचा माणूस चाळिशी ओलांडलेला, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला आणि बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश मागायला आलेला. गोंडपिपरीच्या बाजूला एका खेड्यात त्याची धानाची शेती होती. तिथून तो सायकलने येई.

आमच्या प्रवेश अर्जात 'माजी सैनिक असल्यास' असा एक रकाना होता. माजी सैनिकांसाठी आमच्या कॉलेजने केलेली सोय ती एवढीच. आजवर तो रकाना कोणी भरला नव्हता, त्यामुळे भरल्यावर पुढे काय करायचं हे मलाही माहीत नव्हतं. त्याने तो भरला, खाली पट्टीने रेघ ओढली आणि विचारलं, "आता पुढचा हुकूम, बाई?"

"वर्गात जाऊन बसा. आन टाचा जरा हळू आपटा. आमचा शिपाई घाबरते."

दुसऱ्या दिवसापासून तो टाचा हळू आपटू लागला, पण आपटायचाच.

या वयात बी.ए. कशाला, हे मी विचारलंच. अहेरीकडे एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात अधीक्षकाची जागा निघणार होती. पदवी हवी. माजी सैनिकांना वयाची सवलत होती, पण त्याच्या बाबतीत तीही संपत आलेली. तीन वर्षांत पास झाला तर अर्ज करता येणार. एक वर्ष जरी वाया गेलं तर विषय संपला.

"पन अधीक्षकच काऊन व्हायचं हाये तुमाले?"

"लहानपनी मी वसतिगृहातून पळालो होतो, बाई. तीन दिवस जंगलात. कोनाले पत्ताच नाई. अधीक्षक हाजर असल तं पत्ता लागल ना!"

हे त्याने हसत सांगितलं. मी अर्जावर शिक्का मारला.

आता आमच्या कॉलेजची एक पद्धत सांगते. तुम्ही शिकलात तिथेही असेलच. एकाने तिघांची हजेरी लावायची. प्राध्यापकांना ठाऊक असे, पण तेही कानाडोळा करत, कारण वर्ग रिकामा दिसला तर वरून विचारणा होते. पहिल्याच आठवड्यात सरांनी पुकारलं, "अठरा नंबर!"

"हजर, सर!"

हवालदार ताडकन उभा. "सर, अठरा नंबर हाजर नाई. आवाज तेवीस नंबरचा हाये."

सर गोंधळले. हा थांबेना. "एकूण नफरी बावन, हाजर एकवीस, बाकी लापता. रिपोर्ट समाप्त."

त्या दिवसापासून पोरांनी त्याचं नाव मिलिट्री पोलीस ठेवलं. त्याच्या सायकलची हवा सोडली. तो सायकल हातात धरून पायी गेला, दुसऱ्या दिवशी पंप घेऊन आला आणि तोच पंप पोरांना वापरायला देऊ लागला. अशा माणसाला छळणार तरी कसं?

मग वनरक्षकांची भरती निघाली. धावण्याच्या परीक्षेत आमची पोरं दरवर्षी तोंडाला फेस आणून परतायची. यंदा हवालदाराने त्यांना पहाटे तलावाच्या पाळीवर धावायला लावलं. "रडत पळा, पन पळा," एवढंच त्याचं मार्गदर्शन. त्यांच्यातली तिघं भरती झाली. तेव्हापासून मिलिट्री पोलीस गेला आणि हवालदारभाऊ आला. हजेरीच्या वेळी मात्र तो पूर्वीसारखाच उभा राही.

तिसऱ्या वर्षी ऐन धान रोवण्याच्या दिवसांत त्याची बायको शेताच्या धुऱ्यावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखल तयार, पऱ्ह्यांची रोपं तयार, मजूर मिळेनात. तो सोळा दिवस आला नाही.

सतराव्या दिवशी खिडकीबाहेर टाचा. "बाई, रिपोर्ट आहे. सोळा दिवस गैरहाजर."

मी हजेरीपट उघडला. सोळाच्या सोळा दिवस हजर! वर्गातल्या पोरांनी पाळ्या लावून त्याची हजेरी लावली होती. आणि प्राध्यापकांनी ती डोळे मिटून लिहून घेतली होती, कारण या माणसाच्या नावावर कोणी खोटं बोलेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

"हे काटा, बाई."

"काटलं तं या सत्राचे पंचाहत्तर टक्के भरत नाई. परीक्षेले बसता येनार नाई."

"माहीत हाये."

"वर्ष जाईल. अधीक्षकाची जागा जाईल."

त्याने हजेरीपट माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "जो अधीक्षक स्वतः हाजर नसताना हाजर लिहे, त्याच्याच वसतिगृहातून मी पळालो होतो, बाई. काटा."

मी काटलं, सोळाही दिवसांवर रेघ ओढली. पण मी या ऑफिसात उगाच म्हातारी होत नव्हते. म्हटलं, "डॉक्टरचा दाखला आणा. सगळेच आणतात."

"मनगट तिचं मोडलं. माहं नाई."

"बरं, मंग प्राचार्यांकडे माफीचा अर्ज करा. योग्य कारण असल तर त्यांना सूट देता येते."

"माफी काऊन? गलती माही. शिक्षा द्या."

मी त्याला प्राचार्यांसमोर उभं केलं. आमचे प्राचार्य तत्त्वज्ञान शिकवत. त्यांनी आयुष्यात कोणाला शिक्षा केली नव्हती. खोलीत शिरणाऱ्या बकरीलासुद्धा ते "अहो, जा" म्हणत.

"शिक्षा? म्हणजे कशी असते?"

"पिठ्ठू देऊ शकता, सर. पाठीवर बोजा, मैदानाचे चक्कर."

टाइपरायटर बिघडला की प्राचार्य माझ्याकडे जसं पाहत, तसं त्यांनी पाहिलं. मी म्हटलं, "सर, उधईने जुने लाकडी रॅक खाल्ले तेव्हापासून लायब्ररीची पुस्तकं पोत्यांत पडून आहेत. ती नव्या रॅकवर लावायची. जितके तास बुडाले, तितके तास."

"चौसष्ट," हवालदार म्हणाला. त्याने हिशेब आधीच केला होता.

कॉलेज सुटल्यावर रोज चार तास तो खपला. पोरं मदतीला आली तर हाकलून लावी. "शिक्षा माही हाये. तुमाले पायजे तं तुमी आपली आपली कमवा." काम संपल्यावर रोज माझ्याकडे येऊन सही घेई. ग्रंथपाल त्या महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होते. परतले, लायब्ररीत शिरले आणि दारातच खुर्चीवर बसले. राज्यशास्त्राशेजारी गणित, कवितांशेजारी कोंबडीपालन.

"ही कसली पद्धत?"

"लंबा दाएं, छोटा बाएं, सर," हवालदार म्हणाला. त्याने सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे लावली होती. एकही पुस्तक रांगेबाहेर नव्हतं.

ती पुन्हा विषयवार लावायला ग्रंथपालांना वर्ष लागलं. तोवर पोरं काउंटरवर येऊन "सर, अर्थशास्त्राचं ते मधल्या उंचीचं द्या" असं मागत.

मी फाइलवर लिहिलं: 'विद्यार्थ्याने बुडालेले तास महाविद्यालयाच्या कामात भरून काढले आहेत.' यात एक अक्षर खोटं नव्हतं. प्राचार्यांनी सही केली, सूट मिळाली. तो परीक्षेला बसला, तिसऱ्या वर्गात पास झाला आणि त्याला ती जागा मिळाली. जाताना आला, टाचा आपटल्या. "बाई, रिपोर्ट आहे. निघालो." मी म्हटलं, "जा." आणखी काय म्हणणार? प्रवेशाची गर्दी होती.

विद्यापीठातून पदव्या आल्या की आम्ही कॉलेजातच छोटासा समारंभ करतो. त्याला बोलावणं पाठवलं. उत्तर आलं ते पोस्टकार्डावर, ओळी पट्टीने आखलेल्या:

'बाईंस नमस्कार. समारंभाला हजर राहू शकत नाही. इथे मुलं चाळीस, अधीक्षक एक. चूक माझी. शिक्षा लिहून पाठवा.'

समारंभात प्राचार्यांनी त्याचं नाव पुकारलं. आणि मागच्या रांगेतून सात-आठ आवाज एकदम, "हजर, सर!"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. सभागृहाने पाहिलं. पोस्टकार्ड माझ्या पर्समध्ये होतं आणि यादी माझ्या हातात. त्याच्या नावापुढे मी 'हजर' लिहिलं.

पदवी रजिस्टर्ड डाकेने पाठवली. यादीचं त्याला अजून कळवलेलं नाही. कळलं तर तो ते काटायला येईलच, पण चाळीस पोरं सोडून यायची त्याची पंचाईत होईल. उन्हाळ्याची सुट्टी लागली की कळवणार आहे.