ओलाव्याचा आकडा

बारामतीच्या मार्केट यार्डाजवळ मीटर दुरुस्त करणारे एक तात्या आहेत. बोलताना ते माणसाकडं नाही, हातातल्या तारेकडं बघतात.

अंथुर्ण्यातल्या आमच्या डाळिंबबागेतलं, ओलावा मोजून ठिबक चालू-बंद करणारं नवं यंत्र ओली जमीनही कोरडी दाखवायचं. ठिबक थांबेना, झाडं पिवळी पडू लागली. कंपनीच्या इंजिनिअरनं जमिनीत पुरलेला सेन्सर बदलला, तरी आकडा तोच. शेवटी मी तात्यांना नेलं.

“सेन्सरची ताकद कमी. मोजताना यंत्रच त्याचा करंट वढतंय, म्हणून व्होल्टेज पडतंय,” ते म्हणाले. सेन्सर आणि यंत्राच्या मधे त्यांनी सेन्सरवर भार येऊ न देणारी छोटी चिप जोडली. आकडा वर गेला, ठिबक थांबलं.

आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात इंजिनिअर आला. आकडा बघून म्हणाला, “बघा, नव्या सेन्सरचा गुण!”

मी बोलणार, तोच तात्या म्हणाले, “व्हय साहेब, सेन्सर चांगला हाय. आधीचा बी चांगलाच व्हता.”

इंजिनिअरनं खुशीत मान डोलावली.