तेवीस कॅप्सूल आणि माझे उत्तर

ऑक्टोबर छाटणीनंतरचा एक्केचाळिसावा दिवस, मंगळवार, सकाळचे सव्वादहा. ठिकाण साताऱ्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेरचा बाक. हजर तिघे: डॉक्टर, मी आणि माझ्या पत्नीचे थोरले भाऊ आनंदराव, निवृत्त सुभेदार. आकडे असे: ताप १०२.६, साखर ३१८, आणि ब्लड कल्चरच्या दोनपैकी दोन्ही बाटल्या पॉझिटिव्ह.

आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. आम्ही दिवस छाटणीपासून मोजतो, म्हणून तारीख तशी लिहिली.

ब्लड कल्चर म्हणजे रक्त विशिष्ट द्रवाच्या बाटलीत घालून त्यात काही जिवंत वाढते का ते पाहणे. वाढले होते. डॉक्टर म्हणाले, "जिवाणू नाहीत. यीस्ट आहे. कॅन्डिडा."

यीस्ट म्हणजे एका पेशीची बुरशी. पाव फुगवायला घालतात ते तिचेच भावंड. कॅन्डिडा बहुतेकांच्या तोंडात, आतड्यात, बायकांच्या अंगात थोडी असतेच आणि एरवी गुमान राहते. रक्तात गेली तर माणूस दगावू शकतो. डॉक्टरांनी हे न लपवता सांगितले.

मग त्यांनी विचारले, "गेल्या दोन-तीन वर्षांत यांनी बुरशीवरचं औषध घेतलंय का? फ्लुकोनॅझोल वगैरे? घेतलं नसेल तर तेच सुरू करतो. घेतलं असेल तर दुसऱ्या गटाचं इंजेक्शन लागेल."

मी म्हणालो, "नाही."

खरा आकडा मला पाठ होता. तेवीस.

हे लिहिण्याचे कारण तेवढेच आहे.

माझी पत्नी मंगल, वय अठ्ठेचाळीस, मधुमेह सहा वर्षांचा. भाचीच्या लग्नासाठी ती साताऱ्याजवळ माहेरी गेली होती. तिथे पाठीत कळ आली. मूत्रपिंडातून येणाऱ्या नळीत खडा अडकून वर पू झाला होता. खड्याने अडलेली वाट मोकळी केली, मानेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन म्हणजे बरेच दिवस ठेवायची औषधाची नळी घातली, दहा दिवस भारी अँटिबायोटिक चालली. आठव्या दिवशी ताप गेला, दहाव्या दिवशी परत आला. अँटिबायोटिकने जिवाणू मरतात, चांगले आणि वाईट दोन्ही. मोकळ्या झालेल्या जागेत यीस्ट माजते, असे डॉक्टरांनी सांगितले.

आता तेवीसचा हिशोब. अडीच वर्षांपासून मंगलला अंगावरून पांढरे जायचे आणि खाज सुटायची. साखर वाढली की हे वाढते, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. गावात दवाखाना एकच आणि डॉक्टर आमच्या भावकीतला. ती म्हणाली, "त्येच्याफुडं मी बोलणार न्हाई. तुमीच काय ते आना." मी औषध दुकानात नुसते "घरच्यांना खाजेचा त्रास" एवढेच म्हणालो. दुकानदाराने एक कॅप्सूल दिली, दीडशे मिलिग्रॅम. चार दिवसांत आराम पडला. मग दर वेळी तीच आणली.

मी सगळे लिहून ठेवणारा माणूस. फवारणीच्या वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक कॅप्सूलची तारीख टाकत गेलो. पहिल्या दोहोंत अंतर अठ्ठ्याऐंशी दिवसांचे. शेवटच्या दोहोंत एकोणीस. वहीत ते उघड दिसत होते. मी ते पाहिले आणि इतकाच अर्थ काढला की पुढच्या वेळी दोन आणून ठेवाव्यात.

बागेत मी असे कधी केले नाही. भुरीवर, म्हणजे वेलीवरच्या पांढऱ्या बुरशीवर, एका गटाचे औषध लागोपाठ दोनदा मारायचे नाही, रोग त्याला सरावतो, हे आमच्याकडे सातवीतले पोरही सांगेल. गट बदलून मारतात. घरात मी अडीच वर्षे एकच गट मारला, आणि तोही रोग तपासल्याशिवाय.

त्या मंगळवारी "नाही" का म्हणालो? आनंदराव शेजारी बसले होते. सख्ख्या भावासमोर बहिणीच्या अंगावरच्या तक्रारीचे नाव काढायचे नसते, असे आम्ही धरून चालतो. कोणी शिकवत नाही, पण सगळे पाळतात. मला डॉक्टरांना बाजूला घेता आले असते. विभागाच्या दारापासून त्यांची खोली पंधरा पावलांवर होती. मी नंतर मोजली.

दुपारी बारा वाजता फ्लुकोनॅझोल सुरू झाले. मानेतली नळी काढून टाकली, कारण यीस्ट नळीला चिकटून थर धरते.

बुधवारी ताप १०२. गुरुवारी १०२.२. शुक्रवारी १०१.८, आणि तेवढ्यावर मी आशा धरली. आनंदराव औषधांची पिशवी पाहून म्हणाले, "दाजी, बागंला फवारायला चालल्यागत दिसताय." मी हसलो. त्या तीन दिवसांत सांगावे असे अनेकदा वाटले. दर वेळी ते तिथेच असायचे, त्यांचा पाय हलत नव्हता. बहीण आत होती, हलणार कसा? आणि दिवस जात गेले तसे सांगणे जास्त अवघड झाले, कारण आता आधी का नाही सांगितले तेही सांगावे लागणार होते. मी स्वतःला समजावत होतो की औषध लागू पडेल आणि प्रश्नच मिटेल.

शनिवारी सकाळी आत सोडले तेव्हा मंगल शुद्धीत होती. म्हणाली, "आवं, हिकडच्या डोळ्याफुडं धूर झालाय. पुसला तरी जाईना."

उजवा डोळा. मी बाहेर आलो आणि आनंदरावांच्या देखत डॉक्टरांना म्हणालो, "तेवीस कॅप्सूल घेतल्यात. फ्लुकोनॅझोल दीडशे. अडीच वर्षांत. शेवटची सव्वा महिन्यापूर्वी."

डॉक्टर म्हणाले, "मंगळवारी मी हेच विचारलं होतं."

"हो."

शहाण्णव तास झाले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी लगेच दुसऱ्या गटाचे इंजेक्शन लावले आणि डोळ्याच्या पडद्याचे डॉक्टर लागतील म्हणून दुपारी आम्हाला सांगलीला हलवले. कऱ्हाडच्या पुढे रुग्णवाहिकेत ती एकदाच बोलली. विचारले, "बागंत कोन हाय?"

आनंदराव पुढे चालकाशेजारी बसले होते. इस्लामपूरच्या फाट्यावर चालक डिझेलला थांबला तेव्हा ते चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आले. मला वाटले आता हात उचलतील.

"दाजी, माझी लाज वाटली व्हय तुमाला?"

मी होकाराची मान हलवली.

"आवं, फौजेत दर म्हैन्याला पाटलून उतरवून खाज तपासायचे आमची. रांगंत उभं करून. मी हवालदार असताना दीडशे गड्यांना मलम वाटलंय. आन् तुमी माज्याफुडं गप बसला?" त्यांनी कप तसाच टाकला. "ईचारलं असतं तर मीच सांगितलं असतं, जावा, बोला म्हनून. जीव हाय त्यो बहिनीचा."

मग ते पुढे जाऊन चालकाशेजारी बसले.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी वाढलेले यीस्ट मंगळवारीच सांगलीच्या एका प्रयोगशाळेत पाठवले होते; रविवारी तिथला सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट आला. सेन्सिटिव्हिटी म्हणजे वाढवलेल्या यीस्टवर वेगवेगळी औषधे घालून कशाने मरते ते पाहणे. फ्लुकोनॅझोलसमोर इंग्रजी आर होता. रेझिस्टंट, म्हणजे दाद न देणारे.

त्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीण बाईंनी मला बोलावून घेतले. बहुधा त्यांनाही पेशंटचा इतिहास हवा होता. मी वही गावाहून मागवून नेली होती. त्यांनी शेवटचे पान पाहिले आणि मला सूक्ष्मदर्शकाजवळ बसवले.

"हे तुमच्या मिसेसच्या रक्तातलं यीस्ट. गोल दिसतंय ना? आता हे बघा. हेच यीस्ट रक्तातल्या पाण्यात, अंगाच्या उबेत दोन तास ठेवलेलं."

दुसऱ्या काचेवर त्याच गोल पेशींना कोंबासारख्या नळ्या फुटलेल्या होत्या. रुजत घातलेल्या मटकीसारख्या.

"जनुकं तीच आहेत," त्या म्हणाल्या. "पण सगळी जनुकं एका वेळी चालू नसतात. रक्ताची ऊब लागली की यीस्ट काही बंद करतं आणि वेगळी चालू करतं. चिकटण्याची, कोंब काढून मांसात घुसण्याची. जनुक चालू होऊन कामाला लागणं, याला आम्ही जीन एक्स्प्रेशन म्हणतो."

मी विचारले, "आणि औषध?"

"तेही तसंच. पेशीत शिरलेलं औषध बाहेर उपसणारे पंप असतात. ते बनवणारी जनुकं एरवी मंद चालतात. औषध पुन्हा पुन्हा येत राहिलं, की ज्या पेशींत ती जनुकं कायमची जोरात चालू राहिलीत त्याच जगतात. बाकीच्या मरतात. मागे उरतात त्या अशा." त्यांनी माझी वही मिटली. "तुम्ही बागेत भुरीला ट्रायझोल मारता ना? फ्लुकोनॅझोल त्याच घराण्यातलं आहे."

मी वही पिशवीत घातली.

शरीराच्या बाजूचेही त्यांनी सांगितले. आपल्या पांढऱ्या पेशी यीस्टची खूण ओळखतात, तेव्हा त्यांचीही जनुके चालू होतात. त्या इतर पेशींना हाका मारतात, यीस्ट गिळतात. साखर तीनशेच्या वर असली की त्या सुस्त होतात, उशिरा पोचतात. आणि पोचल्यावर लढाई होते ती जिथे यीस्ट असेल तिथेच. रक्तातून यीस्ट डोळ्यात पोचले होते, आणि डोळ्यात जागा एवढीशी. मंगलच्या पडद्यावर कापसासारखे पांढरे ठिपके होते, त्यात यीस्ट होते आणि तिच्याच पांढऱ्या पेशीही होत्या. तिला वाचवायला आलेल्या पेशींनीही पडदा खराब केला.

उपचार थोडक्यात लिहितो, कोणाला उपयोग होईल. अँफोटेरिसिन हे बुरशीवरचे जुने, कडक औषध सलाइनमधून पाच आठवडे. त्याने मूत्रपिंडावर ताण येतो आणि पोटॅशियम उतरते, म्हणून रोज रक्त तपासायचे. अंगात थंडी भरून दात वाजायचे, नर्स दोन ब्लँकेट घालायच्या. एक दिवसाआड ब्लड कल्चर. तिसरे निगेटिव्ह आले, म्हणजे बाटलीत काही वाढले नाही. डोळ्यात दोनदा इंजेक्शन आणि एक शस्त्रक्रिया.

ती वाचली. डावा डोळा शाबूत आहे. उजव्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही.

मी पडद्याच्या डॉक्टरांना विचारले, ते चार दिवस वाचले असते तर डोळा वाचला असता का? ते म्हणाले, "चार दिवस चुकीचं औषध गेलं, हे खरं. पण यीस्ट डोळ्यात मंगळवारच्या आधीच पोचलं असेल तर? मला माहीत नाही. डोळा तुमच्यामुळे गेला असं मी म्हणणार नाही. गेला नाही असंही म्हणणार नाही." मला वाटले होते दोहोंपैकी एक तरी म्हणतील.

घरी आल्यावर आठव्या दिवशी मी मंगलला सांगितले. ती लसूण सोलत होती. डाव्या डोळ्याने नेम धरून सोलायला तिला वेळ लागायचा. मी वही पुढे ठेवून मंगळवारचा प्रश्न आणि माझे उत्तर सांगितले.

तिने वही बाजूला सारली. मग म्हणाली, "आवं, बागंची माती दरसाली तपासून आनता. पानांचं देठ तपासून आनता. मला एकदा तरी तपासून आनायचं हुतं."

"तूच म्हणालीस ना, डॉक्टरपुढं बोलणार नाही—"

"भावकीतल्या म्हनलं हुतं. जगात त्यो येकच डाक्टर हाय व्हय?" पाकळी हातातून सटकली, ती तिला सापडेना. मी उचलून दिली. तिने ती घेतली, पण माझ्याकडे पाहिले नाही. "आन् माजा भाऊ बसला हुता म्हनून गप बसला. लाज माजी, ती तुमी का म्हनून राखली?"

मी उरलेला लसूण सोलायला घेतला.

ज्यांच्या घरी मधुमेह आहे आणि अशी तक्रार वारंवार येते त्यांना एवढेच सांगतो. साखर आधी तपासा. कॅप्सूल स्वतःच्या मनाने आणू नका. आणि रुग्णालयात डॉक्टरांनी आधीच्या औषधांबद्दल विचारले, तर शेजारी कोण बसले आहे ते पाहू नका. मंगलला सांभाळणाऱ्या नर्स, रोज पहाटे रक्त घेऊन जाणारा तंत्रज्ञ, मला काच दाखवणाऱ्या बाई, या सगळ्यांचे ऋण माझ्यावर आहे. आनंदराव महिन्यातून एकदा येतात, बहिणीशी गप्पा मारतात. माझ्याशी द्राक्षाच्या भावापुरते बोलतात.

गेल्या महिन्यात तिला परत खाज सुटली. तिने मला सकाळी सांगितले आणि म्हणाली, "गाडी काढा. सांगलीला जायाचं." एका स्त्रीरोग डॉक्टरीण बाईंचे नाव तिने रुग्णालयातल्या नर्सकडून आणले होते. मी तिच्यामागून आत जायला निघालो. तिने दारातच हात आडवा केला.

पस्तीस मिनिटे मी बाहेर होतो. ती बाहेर आली तेव्हा हातात तपासणीची चिठ्ठी होती.

"काय म्हणाल्या?"

"ते माजं आन् त्यांचं हाय. तुमी फी भरा."

चारशे रुपये. काउंटरवरच्या बाईंकडे भरले.