तीनशे दहा गाळे

देश किती वाढला हे दिल्लीला कळावं म्हणून सुरतेत उधन्याच्या गल्ल्यांतून शालिग्राम बोरसेच्या चपला झिजत. थट्टा नव्हे, खरंच. कंत्राटावरची नोकरी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. छोट्या कारखान्यांच्या गाळ्यांत शिरायचं आणि विचारायचं, माग किती, कारीगर किती, महिन्याला कापड किती मीटर. दर तीन महिन्यांनी पुन्हा त्याच गाळ्यांवर. काही लोक त्याला आयकरवाला समजून पाणीही विचारत नसत, काही जण घरकुल मंजूर करणारा समजून चहाबरोबर खारी आणत. दोन्हीकडे तो सारख्याच गंभीर चेहऱ्याने बसे. त्याचा बाप अमळनेरकडून सुरतेला आला आणि कान जाईपर्यंत मागावर उभा राहिला. आपण मागावर उभे राहत नाही, माग मोजतो, याचा शालिग्रामला मनातून फार अभिमान होता.

प्रशिक्षणात साहेबांनी सांगितलं होतं, "सगळा देश कोणी मोजू शकत नाही. शितावरून भाताची परीक्षा करायची. तुम्ही भरलेला एक गाळा म्हणजे त्याच्यासारखे तीनशे दहा गाळे. तेव्हा हात जपून चालवा."

शालिग्रामने हे वाक्य डायरीत लिहून खाली रेघही ओढली. वर्ष उलटायच्या आत त्याच हाताने घोळ घातला.

हेमराजचा गाळा त्याच्या यादीत होता. हेमराजही खान्देशातलाच, वीस वर्षं दुसऱ्याचे माग चालवून त्याने स्वतःचे चार जुने माग घेतले होते आणि दोन कारीगर ठेवले होते. पहिल्या फेरीला त्याने शालिग्रामला कापडाला हात लावून बघायला लावलं होतं. दुसऱ्या फेरीला शालिग्राम गेला तेव्हा हेमराजचं तेरावं होऊन आठवडा झाला होता. छातीत कळ आली आणि गेला. कारीगर पांगले होते, सूत संपलं होतं. दारात त्याची बायको मंदा डोक्यावर पदर घेऊन उभी होती.

शालिग्रामने टॅबवर 'गाळा बंद' असं दाबायला बोट उचललं, तशी ती झटकन आत गेली आणि तिने बटण दाबलं. कोपऱ्यातला माग धडधडू लागला. त्यावर ना ताणा होता ना बाणा. रिकामाच माग, हवा विणत असल्यासारखा.

"भाऊ, बंद नका लिखू," ती आवाज चढवून म्हणाली. "देखा, चालू शे."

"वहिनी, यानं तुम्हाला काही मिळत नाही आणि तुमचं काही जातही नाही," शालिग्रामने समजावलं.

"माले काहीच नको. मना मालक गयात. त्यासना कारखाना तरी कोठे चालू लिखेल राहू द्या."

मागच्या महिन्यात गावाकडे शालिग्रामच्या स्वतःच्या बापाचं वर्षश्राद्ध झालं होतं. त्याने लिहिलं, चालू. माग चार, कारीगर दोन, कापड मागच्याइतकंच. बाहेर येऊन तो स्वतःला म्हणाला, एका गाळ्याने काय आभाळ कोसळणार आहे? पण गल्लीच्या तोंडाशी पाय अडखळला. तीनशे दहा गाळे. बाराशे चाळीस माग. सहाशे वीस कारीगर. एवढी माणसं त्याने एका बोटाने कामाला लावली होती, आणि त्यातल्या एकालाही आई नव्हती.

तिसऱ्या फेरीला तो वळणावर दिसताच तिने माग चालू केला. त्याने आत न जाताच पुन्हा तेच भरलं. पहिलं खोटं माणसाला जड जातं, दुसरं सवयीने सुटतं.

इकडे घरी त्याचा धाकटा भाऊ योगराज होता. बारा वर्षांनी लहान, अजून लग्न नव्हतं. बाप थकल्यावर शालिग्रामनेच त्याला सुरतेला आणून कारीगर केलं होतं. त्या उन्हाळ्यात योगराजच्या शेठने आधी एक पाळी बंद केली, मग कारखानाच. रोज सकाळी योगराज निघे, कधी पर्वत पाटियाकडे, कधी कतारगामला, आणि जेवायच्या वेळेला मान खाली घालून परत येई.

"काम मियत नही, दादा. मंदी शे," तो म्हणे.

अशात एका संध्याकाळी आकडे जाहीर झाले. छोटे कारखाने वाढले, कारीगर वाढले, उत्पादन वाढलं. शालिग्रामने ताटावर बसल्या बसल्या मोबाइलवर ते मोठ्याने वाचलं. यात आपले कष्ट आहेत म्हणून त्याची मान ताठ झाली होती. बायको सुषमा भाकरी वाढत होती. तिने "जेवा आधी" म्हणून पाहिलं. शालिग्राम रागावला की घरातली अहिराणी सोडून पुस्तकी मराठी बोले. तशीच तो आता शेजारच्या ताटावर बसलेल्या योगराजशी बोलला.

"ऐकलंस? कारीगर वाढलेत. सगळ्या देशाला काम मिळतंय आणि तुला तेवढं मिळत नाही?"

"सवता येईसन देख ना, दादा."

"मी रोज तेच बघतो. आकडे खोटं बोलत नाहीत, योगराज. माणूस बोलतो. कामचोर माणूस."

योगराजने अर्धी भाकरी ताटात ठेवली, हात धुतले. दुसऱ्या दिवशी दुपारी सुषमा दळणाला गेली असताना तो पिशवी घेऊन निघून गेला. मोबाइल बंद. पंधरा दिवसांनी गावाला आईला कुणाच्या तरी मोबाइलवरून फोन आला, "बरं शे." कुठे आहे, काय करतो, काही नाही.

तेव्हापासून शालिग्रामच्या मागे ते सहाशे वीस जण लागले. सकाळी सातला पाळी बदलताना रस्ता कारीगरांनी भरून जाई. त्या गर्दीत त्याला वाटे, यातले काही आपलेच, आपण भरलेले. त्यांना चेहरे नसत, पण चाल ओळखीची असे, डावा खांदा जरा उतरलेला. योगराजची चाल. एकदा तर तो अशाच एका पाठीमागे पार रेल्वेच्या फाटकापर्यंत धावला. माणसाने वळून पाहिलं, "क्या हुआ भाई?" शालिग्राम मान हलवून मागे फिरला. घरी जेवताना मध्येच त्याचा हात थांबे. कुठूनतरी रिकामा माग चालल्याचा आवाज येई. सुषमाला विचारलं तर ती म्हणे, "उधन्यात राहतो आपण. माग चालणार नाहीत तर काय होईल?" ती अजून तिसरं ताट मांडायची आणि मग उचलून ठेवायची. ते ताट शालिग्रामला सगळ्यात जास्त छळे.

पण खरी भीती त्या सहाशे वीस जणांची नव्हती. ती एका दुपारी मुकाट येऊन त्याच्याशेजारी बसली. हेमराजचा गाळा बंद आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. कारीगर पांगलेत, हे त्याला ठाऊक होतं. खोटं त्याने स्वतःच लिहिलं होतं. तेच छापून परत आलं तेव्हा त्याने ते खरं मानलं, आणि समोर बसलेल्या सख्ख्या भावाला खोटं ठरवलं. हे असं कोण करतं? येड्यालाही आपण कुठे खड्डा खणला ते आठवतं.

चौथ्या फेरीला तो मंदाच्या गाळ्यावर गेला. माग सुरूच होता.

"वहिनी, बंद करा तो."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता बटण दाबलं. गाळ्यात एवढी शांतता झाली की शेजारच्या गाळ्यातला रेडिओ ऐकू आला. शालिग्रामने लिहिलं, बंद. कधीपासून, असा पुढचा प्रश्न होता. त्याने हेमराज गेला तो महिना भरला. आधीच्या दोन फेऱ्या आपण चुकीच्या भरल्या, हेही खाली शेऱ्यात लिहिलं. नोकरी गेली तर गेली.

"लिखं का?" मंदाने विचारलं.

"हो."

"आते त्या खरंच गयात," ती म्हणाली आणि मागाच्या लाकडाला टेकून रडू लागली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच रडत असावी असं ते रडणं होतं. शालिग्राम ती शांत होईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिला.

तिथूनच त्याने आईकडून तो नंबर घेतला आणि लावला. पलीकडे कुणी परप्रांतीय बोलला, मग बराच वेळ ट्रकचे भोंगे, आणि मग योगराज.

"कोन?"

"मी शे," शालिग्राम म्हणाला. पुस्तकी मराठी तोंडात आलीच नाही. "योग्या, मी खोटं लिखेल व्हतं रे. काम नव्हतंच. तू खरं सांगत व्हता."

योगराज अगदी साध्या आवाजात म्हणाला, "ते माले तवय बी माहीत व्हतं, दादा."

"कोठे शेस तू?"

"नाशिककडे. मजूरसना नाकावर रोजंदारीसाठे उभा राहस."

"काम मियस का?"

"नही. मियनं तर एखादा दिन." जरा थांबून तो हसला, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "मागला हप्तामां आठे बी तुनासारखा एक मानूस उना व्हता. गळामां कार्ड, हातमां टॅब. काम शे का म्हने."

शालिग्राम उंबऱ्यावरून उठला. "मंग? तू काय सांगं?"

"सांगं, शे. रोज शे."

"का रे? असं का सांगं?"

"परत कोनी माले कामचोर म्हनाले नको," योगराज म्हणाला.

आत मंदाने गाळा झाडायला घेतला होता. शालिग्रामने हातातल्या टॅबकडे पाहत विचारलं, "लिखी लिधं त्यानी?"

"लिखी लिधं."