काळे सर कोण?

कल्पना करा, तुम्हाला एक काम दिलं आहे. जे मत ऐकून तुमचं डोकं सणकतं, त्याची बाजू दहा मिनिटं मांडायची. ते मत ज्याचं आहे तो समोरच बसलेला. ‘हो, मला हेच म्हणायचंय,’ असं त्याने म्हटलं, तरच तुम्हाला त्याचं मत खोडायची परवानगी. तोवर नाही.

भास्कर काळे लखनौच्या एका डिग्री कॉलेजात प्राचीन राजकीय तत्त्वज्ञान असं शिकवायचे. लखनौच्या ‘महानगर’ नावाच्या वस्तीत ते आमचे शेजारी. पुढचं सगळं मी त्यांच्याकडून, सरोजकाकूंकडून आणि त्यांचा विद्यार्थी गोपीनाथ यादव याच्याकडून ऐकलं.

सर नोट्स लिहून देत नसत, आणि मुलांना हव्या असायच्या त्या नोट्सच. “लिखवाइए न, सर. बहस तो चाय की दुकान पे भी हो जाती है,” मुलं तोंडावर म्हणत. सर तितक्याच तिरसटपणे सांगत, “तो वहीं बैठिए. चाय भी मिलेगी.” प्राध्यापकांच्या खोलीत त्यांच्याशेजारची खुर्ची बहुधा रिकामी असे. तरी त्यांचा वर्ग टिकून होता. न्याय म्हणजे काय, राज्य कोणी करावं, असल्या हजारो वर्षं जुन्या प्रश्नांवर पंचवीस-तीस पोरं भांडत बसायची.

मग १९९०चा ऑगस्ट आला. आरक्षणाची घोषणा झाली आणि शहर पेटलं. आलमबागला बस अडवल्या जात होत्या. वर्गात खिडकीकडे सवर्ण, भिंतीकडे मागासवर्गीय. प्राचार्यांनी सगळ्यांना बजावलं, आरक्षणाचं नाव काढू नका. सरांनी त्याच आठवड्यात हर्षवर्धन सिंहला उभं केलं. हा ठाकुरांचा, म्हणजे राजपूत घरातला मुलगा, विद्यार्थी युनियनच्या निवडणुकीची तयारी करणारा; गोपीनाथ आरक्षण मिळणार होतं त्या यादवांपैकी.

“आरक्षण के पक्ष में बोलिए. फ़ैसला गोपीनाथ करेगा.”

हर्षवर्धन हसला. “इन बेचारों से पढ़ाई होती नहीं, इसलिए—”

“नहीं,” गोपीनाथ म्हणाला. “ये मेरी बात नहीं है.”

हर्षवर्धनने गरिबीचा मुद्दा काढला. पुन्हा नाही. मागून हुर्यो उठली. तो चिडला, खाली बसणार होता, आणि अचानक रागातच बोलून गेला, “मेरे दादा ने एक चिट्ठी लिखी, मुझे हॉस्टल मिल गया. इसके दादा चिट्ठी लिखते भी तो खोलता कौन?”

गोपीनाथ म्हणाला, “हाँ. ये है.”

आता गोपीनाथची पाळी होती. त्याला विरोधी बाजू मांडायची होती. तो उभाही राहिला. एवढ्यात खिडकीकडून कुणीतरी ओरडलं, “पहले सर बताएँ, सर कौन हैं! काले क्या होता है?”

“पंडित होते हैं!” भिंतीकडून उत्तर आलं. “तभी तो हमसे आरक्षण के ख़िलाफ़ बुलवा रहे हैं.”

“पंडित होते तो हर्ष भैया को फँसाते?”

तोवर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत झालं: सरांनी आपली जात सांगावी. मराठी आडनाव, लखनौत कुणालाच त्याचा पत्ता लागेना. महाराष्ट्रात तरी कुठे लागतो? काळे ब्राह्मणांत आहेत, मराठ्यांत आहेत, धनगरांत आहेत, पारध्यांतही आहेत. मीही सांगणार नाही.

सर म्हणाले, “हा माझ्या प्रश्नाचा विषय नाही.” संतापात ते मराठीत बोलले, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. एक बाक उलटा झाला.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दाराला कुलूप होतं आणि भिंतीवर कोळशाने लिहिलेलं: ‘दाल में काले’.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. “बता दीजिए, प्रोफ़ेसर साहब. जो भी हैं. आधे लड़के तो चुप हो ही जाएँगे.”

“और बाक़ी आधे?”

“उन्हें हम देख लेंगे. वरना आपका पेपर बंद.”

घरी सरोजकाकूही भडकल्या होत्या. त्या बँकेत होत्या, दिवसभर लोकांची तोंडं बघून आलेल्या. “अहो, सांगून टाका ना. कुंकवाचा धनी कोण ते मला माहीत आहे, त्यांनाही कळू दे. तत्त्व-बित्त्व काही नाही, हा तुमचा ताठा आहे.”

“सांगितलं की उद्यापासून मी काहीही बोललो तरी ते माझी जात बोलेल.”

“मग आत्ता काय बोलतंय? आत्ता कुलूप बोलतंय.”

सर सकाळी कॉलेजच्या फाटकाशी गेले. न सांगण्याचं ठरवूनच. घोषणा चालू होत्या. कुणीतरी चप्पल फेकली, ती पोचली नाही. गर्दीतून गोपीनाथ पुढे आला. आपल्या बाजूने बोलायला आला, असं सरांना वाटलं.

“सर, एडमिशन के दिन खिड़की पर बाबू ने मेरी जाति चिल्लाकर पूछी थी. पूरी लाइन सुन रही थी. मैंने बताई. आपसे आज पहली बार पूछा गया है, तो आपको इतना बुरा लग गया?”

शब्दांवर जगणारा माणूस सगळ्यांसमोर गप्प उभा राहिला, आणि घोषणा दुप्पट झाल्या.

पेपर, म्हणजे सरांचा तो विषय, बंद झाला. हर्षवर्धनला त्याच्या लोकांनी उमेदवारी दिली नाही; रस्त्यात दिसला की तो सरांकडे बघून थुंकायचा. सर पुढची सात-आठ वर्षं पहिल्या वर्षाला राज्यघटना शिकवत राहिले, नोट्स लिहून देत. मुलं खूश. सहकारी शेजारी बसू लागले. सरांना त्या सगळ्यांचा तिटकारा होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

अठ्ठ्याण्णव साली ते निवृत्त झाले. मी नुकताच इंजिनियर झालो होतो. यंत्राला ताण दिला की ते कुठे तुटतं, हे शोधणं माझं काम. म्हणून मी विचारलं, “सर, चूक नेमकी कुठे झाली? प्राचार्य? ती पोरं?”

“त्यांना मी ओळखतो,” ते तोडून म्हणाले. “त्यांचं सोड. त्या वर्गात सगळे उघडे बसले होते. हर्षवर्धन सिंह, गोपीनाथ यादव, नाव घेतलं की संपलं. झाकलेला मी एकटा. उघड्या माणसांना दुसऱ्याच्या जागी उभं राहायला सांगत होतो. हे शिकवणं होतं का रे, की मी फक्त सुरक्षित होतो?”