मोर्च्यासमोर उतरवलेला पट्टा

ती घटना आजही आठवते. तपास लागला, मालही बराचसा परत मिळाला, पण त्या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक माझी होती आणि ती मी भरल्या अंगणात केली.

ऐंशीच्या दशकात मी छिंदवाडा जिल्ह्यात सौसरकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. त्या उन्हाळ्यात संत्र्यांच्या बागांतल्या विहिरींवरून विजेच्या मोटारी चोरीला जाऊ लागल्या. भर उन्हात पाण्याची पाळी चुकली की झाड हातचे जाते, त्यामुळे लोकांचा राग खोटा नव्हता. बाजारात शिपाई दिसला की पानठेल्यावरून कोणीतरी म्हणायचे, "काय जी, चोर राहू द्या, त्याचा पत्ता तरी आणा. आमीच भेटून येतो." मग हशा. आमचे शिपाई भाजी घ्यायलाही साध्या कपड्यांत जाऊ लागले.

त्या बागांच्या बीटचे, म्हणजे गस्तीच्या भागाचे, हवालदार पांढुर्ण्याचे, वयाने माझ्याहून बरेच मोठे. दिवसभर समन्स आणि पंचनामे, रात्री सायकलवर गस्त. तरी चोऱ्या थांबेनात.

एका सकाळी रामाकोन्याकडचे बागाईतदार मोर्चा घेऊन ठाण्यात आले. "हवालदार झोपून राहतो," असा एकच गिल्ला. वरिष्ठांचेही फोन येत होते. मी बाहेर आलो, हवालदारांना पुढे बोलावले आणि सर्वांसमोर पट्टा उतरवायला सांगितला. तुमची बदली लाइनीत, म्हणजे छिंदवाड्याच्या पोलीस लाइनीत बसून राहण्याची शिक्षा, असे जाहीर केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हवालदारांनी पट्टा काढला, गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला आणि सलाम करून गेले. चौकशी मी केलीच नव्हती. गर्दी परत गेली याचेच मला बरे वाटले.

त्यानंतर ठाण्यात कोणी उद्धटपणे बोलले नाही, कामही कोणी नाकारले नाही. फक्त सांगितले तेवढेच होऊ लागले. गस्तीचा शिपाई ठरलेल्या जागी जाऊन परत यायचा, वाटेत थांबून कोणाला काही विचारायचा नाही. उद्या गर्दी आली तर आपली पाळी, हे प्रत्येकाला कळले होते. खबरीही तोंड उघडेनात, कारण त्यांची ओळख हवालदारांशी होती. चोऱ्या वाढल्या.

पुढची खबर आली ती लाइनीतूनच, त्याच हवालदारांकडून. टपाल घेऊन छिंदवाड्याला गेलेला शिपाई परत येऊन म्हणाला, "हेडसाहेबांनी सांगून पाठवलं, साहेब. त्यांचा खबरी तिथं येऊन भेटला. लोधीखेड्यात मोटारींतली तांब्याची तार कोण विकून राहिला, ते पाहा म्हणे."

तिथल्या एका भंगारवाल्याकडून आम्ही मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीपर्यंत पोहोचलो. चोरीच्या बहुतेक मोटारींची तार त्यानेच अलीकडे नवी भरली होती. कोणत्या विहिरीवरच्या मोटारीत चांगले तांबे आहे आणि राखणदार कधी जेवायला जातो, हे त्याला ठाऊक होते. पहिले दोन तास तो फक्त पाणी मागत राहिला. मी भंगारवाल्याला समोर बसवले तेव्हा तो बोलता झाला. इतके दिवस भीती वाटली नाही का, असे मी विचारले.

"वाटे नं, साहेब. तुमच्या हवालदाराची वाटे. सायकल दिसली का मी दोनदा वापस फिरलो. मंग तुमीच त्याले काढलं. रस्ता मोकळा झाला."

जबाब लिहिणारा शिपाई क्षणभर थांबला. "लिही," मी म्हणालो.

शिफारस पाठवून मी हवालदारांना परत आणले. ते आले, काम चोख करू लागले. पण गस्तीवर गावात कोणी हाक मारली तरी थांबत नसत. काही महिन्यांनी त्यांनी मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज दिला. मी अडवून पाहिले. ते शांतपणे म्हणाले, "लोक बोलतात, साहेब. त्याची सवय आहे. तुमी त्याइच्या बाजूनं बोलले. आता वर्दी घातली का जीव घाबरते."

लोकांनी जाब विचारावा, तो त्यांचा हक्कच आहे. पोलीस, मास्तर, दवाखान्यातली नर्स, सगळ्यांनाच तो ऐकावा लागतो. रोजच्या टोमण्यांनी माणूस थकतो, पण उभा राहतो. ज्याने चौकशी करून मग बोट दाखवायचे, तोच टाळ्यांसाठी आपला माणूस पुढे ढकलतो, तेव्हा त्या माणसातले काम करणारे काहीतरी संपते. हे मला शिकायला एक चांगला हवालदार खर्ची पडला.

अर्ज मंजूर झाल्यावर मी पांढुर्ण्याला त्यांच्या घरी गेलो. संध्याकाळ होती, गल्लीतले लोक ओट्यांवर बसले होते. त्यांच्या पत्नीने दार उघडले आणि कोरड्या आवाजात आत यायला सांगितले. मी पायरीवरच थांबलो. लोकांसमोर केले होते, तर लोकांसमोरच बोलायला हवे होते. हवालदार मागे येऊन उभे राहिले.

शेजाऱ्यांना ऐकू जाईल असे मी म्हणालो, "वहिनी, हेडसाहेबांची काहीच चूक नव्हती. मी गर्दीला घाबरलो आणि यांचा अपमान केला. हेडसाहेब, मला माफ करा."